बबलजवळ कॉल कमी करा, पण हात आखडू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात पोकरच्या दोन टूर्नामेंट खेळलात आणि दोन्ही वेळा शेवटच्या अठरा-वीस जणांत पोचलात. पहिल्या वेळी २५ बीबी (बिग ब्लाइंड, म्हणजे दर हाताला एका खेळाडूने पत्ते बघण्याआधी सक्तीने लावायची रक्कम; चिप्स तिच्यातच मोजतात) असताना फोल्ड करत, म्हणजे पत्ते टाकत बसलात, ४ बीबीवर कसेबसे पैशात, म्हणजे बक्षीस मिळणाऱ्यांत शिरलात आणि लगेच बाहेर पडलात. दुसऱ्या वेळी ठरवून आक्रमक झालात, बबलवर (बक्षिसं सुरू व्हायला थोडेच जण बाहेर पडायचे उरलेले असताना) एक्का-राणी घेऊन समोरच्याच्या ऑल-इनला (सगळ्या चिप्स लावण्याला) कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावल्या, आणि गेलात. म्हणून विचारताय, शेवटी सावध खेळायचं की आक्रमक?

शेवटच्या टप्प्यात दोन गोष्टी उलट दिशांना जातात. आपण स्वतः पहिल्यांदा पॉटमध्ये (मध्ये जमलेल्या चिप्सच्या लढतीत) शिरून दाब टाकणं वाढवायचं असतं आणि दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करणं कमी करायचं असतं. तुम्ही पहिल्या खेपेला दोन्ही कमी केलंत, दुसऱ्या खेपेला दोन्ही वाढवलंत.

यामागचं गणित एकदा कागदावर करून बघाच. समजा चौघे उरलेत, चौघांकडे सारख्या चिप्स आहेत आणि बक्षिसं तिघांनाच आहेत: ५०,००० रुपये, ३०,००० आणि २०,०००. सगळे सारखे, म्हणून प्रत्येकाच्या स्टॅकची (जवळच्या चिप्सची) किंमत आत्ता २५,०००. एकाने ऑल-इन मारला, तुम्ही कॉल करून जिंकलात. आता तिघे उरले आणि अर्ध्या चिप्स तुमच्याकडे आल्या. चिप्स दुप्पट झाल्या, पण पैशात त्यांची किंमत ५०,००० होत नाही. आयसीएमच्या (चिप्सची बक्षिसाच्या पैशात किंमत काढायच्या पद्धतीच्या) हिशोबाने ती सुमारे ३८,३०० होते. कारण सोपं आहे. सगळ्या चिप्स जिंकल्या तरी पहिल्या नंबरचे ५०,०००च मिळणार, बाकीचं बक्षीस दुसऱ्या-तिसऱ्याला जाणारच. हरलात तर मात्र पूर्ण २५,००० गेले. २५,००० ला ३८,३०० ने भागा. ब्लाइंड बाजूला ठेवले तर कॉल परवडायला जिंकण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के लागते. कॅश गेममध्ये, म्हणजे चिपची किंमत सरळ पैशात असते तिथे, ५० टक्के पुरले असते.

आता तुमची एक्का-राणी बघू. रंग वेगळे असतील तर ती कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध सुमारे ६४ टक्के वेळा जिंकते. म्हणजे या उदाहरणात समोरच्याने पत्ते न बघता ऑल-इन मारला असता, तरी तुमचा कॉल जेमतेम काठावर आला असता. आणि बबलवर पत्ते न बघता कोण मारतं? गुलामाची जोडी घ्या. समोरच्याने एक्का-राजा उघडून दाखवला, तरी ती पंचावन्न टक्क्यांच्या आसपासच आहे, म्हणजे फोल्ड. चौघे आणि सारखे स्टॅक हे टोकाचं उदाहरण आहे, हे मान्य. अठरा जण उरलेत आणि बाराजणांना बक्षीस आहे अशा वेळी हा परिणाम सौम्य असतो आणि बिग ब्लाइंडमध्ये तुमच्या चिप्स आधीच पडलेल्या असतील तर कॉल थोडा स्वस्त पडतो. पण दिशा तीच राहते.

ज्या गणिताने तुमचा कॉल अवघड होतो, त्याच गणिताने समोरच्याचाही कॉल अवघड होतो, आणि तुमच्या पहिल्या खेपेचं उत्तर इथेच आहे. तुम्ही आधी ऑल-इन मारलात तर ६५ टक्क्यांची अट त्याच्या डोक्यावर. तो बहुतेक पत्ते टाकून देणार आणि पॉट तुमच्याकडे येणार. हल्लीच्या पद्धतीत बिग ब्लाइंडच सगळ्या टेबलाची अँटी (ब्लाइंडखेरीजची सक्तीची रक्कम) भरतो, त्यामुळे पत्ते वाटण्याआधीच मध्ये अडीच बीबी पडलेले असतात: स्मॉल ब्लाइंडचा अर्धा, बिग ब्लाइंडचा एक आणि अँटीचा एक. १० बीबीचा स्टॅक असताना कोणी कॉल न करता तो पॉट मिळाला, तर तुमचा स्टॅक एका हातात पंचवीस टक्क्यांनी वाढला. २ बीबीची साधी रेज (लावलेली रक्कम वाढवणं) केलीत तर ती नऊपैकी चार वेळा चालली तरी फायदाच. यात पत्त्यांपेक्षा जागा आणि समोरचा माणूस जास्त महत्त्वाचे.

चांगल्या पत्त्यांची वाट बघण्याचा हिशोबही करून टाकू. दहाची जोडी किंवा तिच्या वरची आणि एक्का-राजा, एवढंच खेळायचं ठरवलं, तर असा हात सरासरी २९ हातांत एकदा येतो. लाइव्ह टेबलावर तासाला २५ ते ३० हात होतात, म्हणजे ४० मिनिटांच्या लेव्हलमध्ये (ब्लाइंड वाढेपर्यंतच्या टप्प्यात) वीसेक. तेवढ्यात बटन (पत्ते वाटणाऱ्याची जागा दाखवणारी खूण) नऊ जणांच्या टेबलाभोवती दोनदा फिरतं आणि तुमचे ५ बीबी जातात. १२ बीबी घेऊन वाट बघणाऱ्याकडे लेव्हल संपताना ७ उरतात आणि ब्लाइंड वाढले की त्याचे पाच-साडेपाच होतात. त्यानंतर चांगला हात आला तरी समोरचा कशालाही कॉल करतो, कारण त्याला ते स्वस्तात पडतं. १९८२ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये जॅक स्ट्रॉस एका शिल्लक चिपवरून मुख्य स्पर्धा जिंकला, अशी गोष्ट पोकरवाले कौतुकाने सांगतात. गोष्ट सुंदर आहे, पण ती ऐकून लोक शेवटची चिप जपायला लागतात याचं मला खरोखर वाईट वाटतं. १२ बीबीमध्ये समोरच्याला फोल्ड करायला लावायची ताकद असते, ४ बीबीमध्ये ती संपलेली असते. मारायचं ते ताकद असताना.

मारायचं कोणावर, हा पुढचा प्रश्न. आपल्याहून मोठ्या स्टॅकवर नको, कारण तो आपल्याला घरी पाठवू शकतो. अगदी ३-४ बीबीवाल्यावरही नको, कारण त्याला कॉल करण्यावाचून गत्यंतर नसतं. खरा दाब बसतो तो मधल्यांवर. ज्याच्याकडे १५-२० बीबी आहेत आणि दुसऱ्या टेबलावर ३ बीबीवाला अजून तग धरून बसलाय, त्या माणसाला त्याच्या आधी बाहेर पडायचं नसतं. एक उदाहरण घ्या. चौदा उरलेत, बारांना पैसे. तुम्ही बटनवर, २२ बीबी, हातात एकाच रंगाचे राजा-अठ्ठी, पुढच्या सगळ्यांनी फोल्ड केलंय. बिग ब्लाइंडमध्ये १६ बीबीचा मधला खेळाडू असेल तर २ बीबीची रेज करा. तो ऑल-इन आला तर पत्ते शांतपणे टाका, त्याच्याकडे खरंच काहीतरी असतं. तिथेच ४५ बीबीवाला बसला असेल आणि तो धाडसाने खेळणारा असेल तर हाच हात मी पहिल्यांदाच टाकून देईन.

अपवाद एकच, पण महत्त्वाचा. हे सगळं समोरचा फोल्ड करू शकतो या गृहीतकावर उभं आहे. आपल्याकडे बरेच जण तीन पत्ती खेळून पोकरकडे आलेत आणि समोरच्याचे पत्ते बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. असा खेळाडू बिग ब्लाइंडमध्ये असेल तर त्याच्यावर हलके हात मारू नका, चांगला हात येईल तेव्हा मोठं खेळा. आणि ती सवय स्वतःमध्ये असेल तर बबलच्या आधीच ओळखा.

बबल अगदी तोंडावर आला की सगळ्या टेबलांवर एका वेळी एकच हात खेळवतात. आपला हात लवकर संपला तर बहुतेक जण फोन काढतात. तुम्ही उठा आणि दुसऱ्या टेबलाकडे जाऊन बघा: सगळ्यात छोटे स्टॅक कोणाचे, त्यांच्यावर बिग ब्लाइंड किती हातांनी येणार, कोण सारखं किती उरले ते दाखवणाऱ्या स्क्रीनकडे बघतंय. दोन मिनिटांत मिळणारी ही माहिती एक्क्यांच्या जोडीइतकी मोलाची ठरू शकते. बबल फुटल्यावर, म्हणजे उरलेले सगळे पैशात आल्यावर, हवा लगेच पालटते. इतका वेळ जीव मुठीत धरून बसलेले छोटे स्टॅक धडाधड ऑल-इन मारायला लागतात. तेव्हा त्यांचे ब्लाइंड चोरणं (रेज करून त्यांना फोल्ड करायला लावणं) कमी करा, आणि मध्यम-बऱ्या हातांनी त्यांना कॉल करणं वाढवा.

आता मनाबद्दल. तुम्ही लिहिलंय, 'पुण्याहून एवढ्या लांब आलो, दहा तास बसलो, रिकाम्या हाताने कसं परतायचं असं वाटत होतं.' हे वाटणं स्वाभाविक आहे, पण त्या विचाराने घेतलेला प्रत्येक फोल्ड तुम्हाला किमान बक्षिसाकडे ढकलतो, आणि टूर्नामेंटचा पैसा तिथे नसतो. २०२३ च्या वर्ल्ड सिरीज मुख्य स्पर्धेची प्रवेश फी १०,००० डॉलर होती. किमान बक्षीस १५,०००, नववं ९ लाख आणि पहिलं १ कोटी २१ लाख डॉलर. गोव्यातल्या टूर्नामेंटचे आकडे छोटे असतील, पण बक्षिसांचा उतार असाच वरच्या बाजूला कलतो. प्रवेश फी भरली त्या क्षणी ती खर्च झाली असं धरा. ते जमत नसेल, किमान बक्षीस मिळालं नाही तर महिन्याचं बजेट कोलमडणार असेल, तर ती टूर्नामेंट तुमच्यासाठी महाग आहे. छोटी खेळा. हे मी मनापासून सांगतोय, कारण घाबरलेल्या पैशाने वरचं काहीच अमलात आणता येत नाही.

थकवा हाही रणनीतीचाच भाग आहे. रात्री अकरानंतर बहुतेकांच्या चुका एकाच प्रकारच्या असतात: कंटाळून केलेला कॉल. जेवणाच्या सुट्टीत हलकं खा, बाहेर हवेत फिरून या. परतल्यावर आपला स्टॅक बीबीमध्ये मोजा आणि डाव्या हाताच्या दोघांचे स्टॅक मोजा. लाखांतले आकडे बघून चिप्स भरपूर वाटतात, बीबीमध्ये मोजलं की डोळे उघडतात.

शेवटचे दोघेच उरले की मात्र आयसीएम संपतं. दुसऱ्याचं बक्षीस दोघांचंही पक्कं झालेलं असतं, लढाई फक्त वरच्या फरकासाठी, आणि तिथे चिपची किंमत सरळ हिशोबाने चालते. बटनवाला स्मॉल ब्लाइंड भरतो, फ्लॉपच्या (मध्ये उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांच्या) आधी पहिला आणि नंतर शेवटचा खेळतो. तिथे बटनवरून बहुतेक हात खेळायचे. नऊ जणांच्या टेबलाची शिस्त इथे घेऊन आलात तर ब्लाइंडच तुम्हाला खातील.

ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानंतर पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद झालंय, त्यामुळे हा सराव आता गोव्याच्या फेऱ्यांमध्येच होणार आणि हात कमी मिळणार. म्हणून पुढच्या वेळी शेवटच्या तीन टेबलांपासून प्रत्येक ऑल-इन वहीत लिहा: तुमचे बीबी, जागा, समोरच्याचे बीबी, किती उरलेत, किती जणांना पैसे, आणि तुम्ही मारलात की कॉल केलात. घरी आल्यावर आयसीएम कॅल्क्युलेटरवर एकेक हात घालून बघा आणि वहीतले दोन-तीन अवघड हात इथे टाका. आपण एकत्र बसून तपासू.