डोळ्यांच्या डॉक्टरांना पदवी घेऊन वीस वर्षं झाली असतील, तर त्यांचं ज्ञान जुनं होत नाही का?

होतं, आणि म्हणूनच महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे दर 5 वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना 30 क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. ते सीएमई (डॉक्टरांसाठीचे उजळणी वर्ग) आणि वैद्यकीय संमेलनांमधून जमतात. पण पॉइंट म्हणजे हजेरी. मागच्या रांगेत मोबाइल बघत बसलं तरी तो मिळतो, त्यामुळे नुसत्या सर्टिफिकेटला मी फार किंमत देत नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी हात तयार होतात वेट लॅबमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या डोळ्यांवर सराव करायच्या खोलीत. खाटकाकडून त्याच दिवशी आणलेले बोकडाचे डोळे ओल्या गॉजमध्ये गुंडाळून 4 अंशांना ठेवतात. उशीर झाला की कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) फुगून धुरकट होतो आणि आतलं काहीच दिसत नाही. काढलेला डोळा मऊ पडतो, म्हणून मागून सलाइन टोचून तो टणक करतात. बोकडाच्या भिंगाचं आवरण चांगलंच लवचीक असतं. आतलं भिंग काढण्यासाठी त्यात 5 ते 5.5 मिमीचं गोल छिद्र पाडताना चीर कडेकडे पळते. ती आवरता आली, तर हात बसला. भिंग मात्र इतकं मऊ असतं की कडक मोतीबिंदू फोडण्याचा सराव त्यावर होत नाही. त्यासाठी आधी फॉर्मॅलिन टोचून ते कडक करावं लागतं.

एसआयसीएस (छोट्या छेदातून हाताने मोतीबिंदू काढणं) करणारा सर्जन फेको (अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून ओढून घेणं) शिकतो तेव्हा त्याला बऱ्याचदा उलट्या क्रमाने शिकवतात. आधी उरलेला मऊ भाग ओढून घेणं आणि नवं भिंग बसवणं, मग केंद्रक, म्हणजे भिंगाचा मधला कडक गाभा, फोडणं. पायाखालच्या पेडलला पाणी, ओढ आणि अल्ट्रासाउंड असे टप्पे असतात. घाबरून पाय चुकीच्या टप्प्यावर गेला की भिंगाचं मागचं आवरण फाटू शकतं.

सगळ्यांत जास्त शिकवते ती स्वतःच्या केसेसची नोंदवही, आणि नेमकी तीच टाळली जाते. ऑपरेशनआधी ठरवलेला चष्म्याचा नंबर आणि ऑपरेशननंतर महिनाभराने आलेला नंबर शेजारी-शेजारी लिहायचे. सगळे पेशंट थोडे मायनसमध्ये जात असतील, तर ए-स्कॅनचा (डोळ्याची लांबी मोजणाऱ्या अल्ट्रासाउंड यंत्राचा) प्रोब कॉर्नियावर दाबला जातोय का ते बघायचं. दाबामुळे डोळ्याची लांबी कमी भरते आणि भिंग जास्त पॉवरचं निवडलं जातं. 1 मिमीची चूक म्हणजे चष्म्याचा नंबर जवळपास 2.5 ते 3 ने हुकतो. मोजमाप बहुतेक ठिकाणी ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासणारे तंत्रज्ञ) करतात, तेव्हा त्यांनाही या नोंदी दाखवायला हव्यात.

तुमच्या डॉक्टरांना विचारायचंच असेल तर एवढंच विचारा: तुमच्या किती पेशंटचा नंबर ठरवल्यापासून अर्ध्या डायॉप्टरच्या (चष्म्याच्या नंबरचं एकक) आत येतो?