आयबीडी हा फॉरेनचा आजार आहे ना? मग माझ्या 24 वर्षांच्या भावाला कसा झाला?

आयबीडी म्हणजे आतड्यांना दीर्घकाळ सूज येणारा आजार, त्याचे मुख्य दोन प्रकार: मोठ्या आतड्यात जखमा करणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस, आणि दुसरा क्रोन्स. मला स्वतःला अल्सरेटिव्ह कोलायटिसच आहे, तुमच्या भावाला निघालाय तोच, म्हणून लिहितोय.

फॉरेनचा वगैरे काही राहिला नाही आता. तिकडे प्रमाण जास्त आहे हे खरं, अमेरिका आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत हजारात तिघांच्या वर लोकांना आयबीडी असतो. पण पंजाबात घरोघर फिरून केलेला एक सर्व्हे 2003 ला छापून आला होता, त्यात लाखामागे 44 जण निघाले, तेही नुसते कोलायटिसचे, क्रोन्सवाले वेगळेच. आपली लोकसंख्या बघा आणि करा हिशोब. आणि गंमत म्हणजे इंग्लंडात लेस्टरला स्थायिक झालेल्या आपल्याकडच्या हिंदू-शीख लोकांत कोलायटिसचं प्रमाण तिथल्या गोऱ्यांपेक्षाही जास्त सापडलं होतं, म्हणजे गोरी कातडी हा काही मुद्दाच नाही.

24 हे तर अगदी नेमकं वय. साधारण 15 ते 35 मध्येच हा जास्त करून सुरू होतो, बाई-पुरुष फारसा फरक नाही. सख्ख्या नात्यात कुणाला असेल तर शक्यता वाढते, पण बहुतेक पेशंटच्या घरात दुसऱ्या कुणालाच नसतो, त्यामुळे 'आमच्याकडे कुणाला नव्हतं हो' यावर आईला रडत बसू देऊ नका, तिच्या डब्यामुळे झालेला नाही.

आपल्याकडे कमी वाटतो कारण तो दुसऱ्याच नावाने फिरत असतो. संडासला रक्त पडलं की मूळव्याध, संपला विषय. मलाही आधी मूळव्याधीचं मलम आणि इसबगोल देऊन पाठवलं होतं, तपासलं कुणीच नाही, दिवसातून धा-धा वेळा पळायचो, रक्त आणि चिकट आव, शेवटी कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं बघतात ती) करून आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला तेव्हा कळलं. क्रोन्सवाल्यांचं तर अजून अवघड, आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे की कित्येकांना आधी टीबीचीच औषधं सुरू होतात. आणि हो, आयबीएस (पोट सारखं बिघडायचा त्रास) वेगळं, त्यात आतड्याला जखमा नसतात, नातेवाईक दोन्ही एकच समजून सल्ले देतील.

जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना हाच कोलायटिस होता, 2007 आणि 2020 दोन्ही वेळा तब्येतीमुळेच पद सोडलं, पण मधली जवळपास आठ वर्षं देश चालवलाच ना. भावाला हे सांगा आणि बरं वाटायला लागल्यावर गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू देऊ नका, त्याने आजार पुन्हा उलटायची शक्यता खूप वाढते.