वाचक विचारतात : हिवतापाचा नकाशा करायचाय, ठिपका कुठे लावू?

प्रश्न : नमस्कार ताई, मी गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या एका शाळेवर शिक्षक आहे. आमच्या ग्रामपंचायतीत मोठं गाव एक आणि टोले (लहान वस्त्या) पाच. दरवर्षी पोळ्यानंतर वर्ग रिकामा व्हायला लागतो, कारण विचारलं की एकच उत्तर, थंडीताप. आशाताईंकडे तीन वर्षांची वही आहे, त्यावरून कुठे आणि कधी हिवताप येतो याचा मॅप करून ग्रामसभेत लावायचा विचार आहे. सुरुवात केली तर सगळे ठिपके मोठ्या गावातच पडतायत, टोले जवळपास कोरे. मला तर टोल्यावरचीच मुलं जास्त आजारी दिसतात. माझं काय चुकतंय?

उत्तर : सर, चूक तुमची नाही, वहीतल्या पत्त्याची आहे. रक्त जिथे तपासलं त्या गावाचं नाव बहुतेक वेळा पत्त्याच्या रकान्यात जातं. टोल्यावरची बाई लेकराला घेऊन मोठ्या गावात नातेवाइकाकडे येते, तिथेच आशाताई रक्ततपासणीचं किट लावतात आणि पत्ता त्या घराचा पडतो. म्हणून आधी ती वही घेऊन आशाताईंसोबत दोन संध्याकाळी बसा आणि एकेका नावापुढे एकच गोष्ट विचारा, ताप यायच्या दहा-पंधरा दिवस आधी हा माणूस रात्री कुठे झोपत होता? ठिपका तिथे लावा. डास चावल्यावर ताप यायला साधारण दहा ते अठरा दिवस जातात, हिवतापाच्या जंतूच्या दोन जातींपैकी फॅल्सिपेरमला थोडे कमी, व्हायवॅक्सला थोडे जास्त, आणि हिवतापाचा ॲनोफिलिस डास रात्रीच चावतो, त्यामुळे रात्रीचं अंथरूण कुठे होतं हे कळलं की अर्धा नकाशा झाला.

मी स्वतः पूर्वी असाच एक नकाशा करत होते, जंगलाकडेच्या एका गावात एका महिन्यात सात जण पॉझिटिव्ह, सगळे मोठे पुरुष आणि दोन दांडगी पोरं, घरातल्या बायकांना काहीच नाही. मी गावातली डबकी शोधत फिरले, काही सापडेना. शेवटी एका म्हातारीने सांगितलं की हे सगळे धान राखायला शेतावर झोपतात, डुकरं येतात ना. शेतं होती दीड किलोमीटरवर, नाल्याच्या काठाला, उघड्या झोपड्या, मच्छरदाण्या सगळ्या घरी पेटीत. गावातले ते सात ठिपके उचलून नाल्यावर नेले तेव्हा कुठे तो नकाशा खरा झाला. म्हणून तुमच्या कागदावर नुसती घरं काढू नका, शेतावरच्या झोपड्या, नाले, बोड्या (छोटी तळी), तलाव, गोठे, बांधकामाचे खड्डे हे सगळं काढा. मोबाईलवर लोकेशन घेतलंत तर उत्तमच, पण पोरांना घेऊन कार्डशीटवर काढलेला नकाशासुद्धा चालतो, किंबहुना ग्रामसभेत तोच जास्त वाचला जातो, कारण लोकांना आपलं घर ओळखू येतं.

आता कोऱ्या टोल्यांचं. टोला कोरा आहे याचा अर्थ तिथे हिवताप नाही असा लगेच काढू नका, आधी बघा तिथे किती जणांचं रक्त तपासलं गेलं. वर्षाला दर शंभर माणसांमागे निदान दहा तपासण्या व्हाव्यात असा सरकारी निकष आहे. टोल्यावर ऐंशी माणसं आणि वर्षभरात एकच तपासणी झालेली असेल तर तो टोला निरोगी म्हणायचा नाही, तिथे कोणी पोचलंच नाही असं म्हणायचं. अशा जागी पांढरं सोडू नका, पेन्सिलने रेघा मारा आणि बाजूला लिहा, तपासणी कमी. माझं तर मत आहे की तुमच्या अख्ख्या नकाशातली सगळ्यात महत्त्वाची जागा ही रेघांची असेल, आणि ती बघून आरोग्य उपकेंद्राच्या लोकांना पावसाआधी तिकडे जावंसं वाटलं पाहिजे.

आणखी एक, नुसते ठिपके मोजू नका. मोठ्या गावात अठराशे माणसं आणि नऊ रुग्ण, टोल्यावर चौसष्ट माणसं आणि तीन रुग्ण. ठिपके बघितले तर गाव वाईट दिसतं, पण हजारी हिशोब केला तर गावात हजारामागे पाच आणि टोल्यावर हजारामागे जवळपास सत्तेचाळीस. सरकारी कागदात याला एपीआय म्हणतात, वर्षात हजार लोकसंख्येमागे किती रुग्ण, फवारणी आणि औषधभारित मच्छरदाण्या कुठे द्यायच्या हे याच आकड्यावर ठरवतात. फक्त हा आकडा अख्ख्या उपकेंद्राचा काढला की आदिवासी भागात तीनेक हजार माणसांत टोला बुडून जातो, म्हणून तुमच्यासारख्याने टोल्याटोल्याचा काढणं फार मोलाचं आहे. पण चौसष्ट माणसांत एक रुग्ण इकडेतिकडे झाला तरी आकडा पंधराने हलतो, तेव्हा एका वर्षावर जाऊ नका, तिन्ही वर्षं एकत्र करा.

व्हायवॅक्स आणि फॅल्सिपेरमला वेगळे रंग द्या हे विसरू नका. व्हायवॅक्सचा जंतू लिव्हरमध्ये महिनोन्महिने दडून बसतो आणि परत ताप आणतो, त्यामुळे त्याच मुलाला फेब्रुवारीत परत व्हायवॅक्स निघाला तर तिथे नवा डास शोधत बसू नका, आधी प्रायमाक्विनच्या १४ दिवसांच्या गोळ्या पूर्ण झाल्या होत्या का ते विचारा (गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला ही गोळी देत नाहीत, हे आरोग्य सेविका बघतीलच). एकच नाव दुसऱ्यांदा आलं तर ठिपक्याभोवती गोल करा. फॅल्सिपेरमचं किट तर औषध घेऊन माणूस बरा झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकतं, तो ठिपका दोनदा मोजला जायला नको.

प्रश्न : ताई, आम्ही भामरागडकडचे. पाऊस जूनमध्ये लागतो, जुलै-ऑगस्टमध्ये तर नद्या-नाले भरून रस्ते बंद. पण जोराचा हिवताप, डोक्यात चढणारा, सप्टेंबरनंतर ते थेट थंडीपर्यंत जास्त दिसतो. पाणी तर तेव्हा कमी झालेलं असतं, मग असं का?

उत्तर : पाणी कमी झालेलं असतं म्हणूनच. भर पुरात नाल्यातली अंडी-अळ्या वाहून जातात. पाऊस उघडला, पाणी निवळलं, कडेच्या गवताशी संथ वाहायला लागलं की फ्लुव्हियाटिलिस नावाचा ॲनोफिलिस तिथे वाढतो, आणि हा डास माणसाला चावणारा आहे, जंगल-डोंगराच्या भागात फॅल्सिपेरम, म्हणजे तुमचा तो डोक्यात चढणारा हिवताप, पसरवण्यात त्याचा मोठा हात. दुसरा क्युलिसिफेसीस, तो भाताच्या बांधीत, नाल्याच्या पात्रात साचलेल्या डबक्यांत होतो, गोठ्यात बसतो, गुरांना जास्त चावतो, पण संख्येने इतका होतो की माणसंही सुटत नाहीत.

शिवाय हिशोब मांडून बघा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस. त्या डासाने आजारी माणसाचं रक्त प्यायलं की जंतू त्याच्या पोटात पिकायला आणखी दहा-बारा दिवस, थंडीत याहून जास्त. मग तो निरोगी माणसाला चावणार आणि ताप यायला पुन्हा दहा-पंधरा दिवस. म्हणजे पाणी साचलं त्या दिवसापासून ताप यायला महिना-सव्वा महिना सहज जातो. पोळ्याला जो ताप दिसतो त्याचं डबकं श्रावणात शोधायचं असतं. म्हणून आधीच्या शिक्षक-वाचकांनाही सांगते, वहीतले रुग्ण महिन्यावार न मांडता आठवड्यावार मांडा आणि त्याच कागदावर वर पावसाची नोंद करा, हे अंतर डोळ्यांना दिसेल.

डबकं कोणतं हे ओळखायचं तर पांढऱ्या वाटीत पाणी घ्या आणि थोडा वेळ हलवू नका. ॲनोफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते. दुसऱ्या डासांच्या अळ्या डोकं खाली करून तिरक्या लटकतात. पाचवीच्या मुलांना एकदा दाखवलं की ती विसरत नाहीत. १८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला, ते सिकंदराबाद तुमच्याकडून काही फार लांब नाही, हेही मुलांना सांगा.

प्रश्न : आमच्याकडे मोखाड्यात पाडे आहेत. दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर भिवंडी-वसईकडे जातो, पावसाच्या तोंडावर परत येतो. त्यांचा ताप आमच्या नकाशात धरायचा का?

उत्तर : धरायचा, पण वेगळ्या खुणेने. परत आल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत ताप आला तर ठिपक्याऐवजी बाण काढा, कुठून आला ते लिहा. गडचिरोलीत हेच तेंदूपत्ता आणि तेलंगणातल्या मिरची तोडणीच्या मजुरांबाबत होतं. त्या माणसाला आजार पाड्यावर झालेला नाही, पण तो आला तेव्हा पावसाळा तोंडावर असतो आणि डास वाढायला लागलेले असतात, त्याच्यापासून पुढे पाड्यावर सुरू होतं. म्हणून परतणाऱ्या कुटुंबांची यादी करून आल्या आल्या, ताप आलेल्यांचं तरी रक्त तपासून घ्या. आणि जाताना मच्छरदाणी सोबत न्यायला सांगा, भट्टीवरच्या झोपडीला दार नसतं.

प्रश्न : आमच्या गावच्या ग्रुपवर हिवतापाच्या पेशंटची नावं आणि घरं असलेला मॅप फिरतोय. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. लगेच काढायला लावा. एका घराला बोट दाखवलं गेलं की पुढच्या वेळी ते घर ताप लपवतं, आधी झाडफूक करणाऱ्या पुजाऱ्याकडे जातं, आशाताईंना दारात घेत नाही, आणि फॅल्सिपेरममध्ये दोन दिवसांचा उशीरसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. नावांची वही आशाताईंकडेच राहू द्या. ग्रुपवर किंवा ग्रामसभेत लावायचा तो नकाशा टोल्यापर्यंतचाच असावा, त्यावर नाले, बोड्या, शेतावरच्या झोपड्या ठळक काढा, आणि प्रत्येक टोल्यापुढे तपासण्या किती, रुग्ण किती एवढे दोनच आकडे लिहा.