‘आज शाळेत काय शिकवलं?’ ‘काही नाही.’

“मॅडम, जूनपासून रोज विचारते, आज शाळेत काय शिकवलं? रोज एकच उत्तर. काही नाही.”

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, पहिल्या सत्राचं प्रगती पुस्तक हातात पडलं, त्याच आठवड्यात या ताई माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्या. कुटुंब नाशिकचं. वडील सातपूरला कंपनीत पाळ्यांवर, ताई घरी ब्लाउज शिवतात. मुलगा मराठी माध्यमात चौथीला. त्याला इथे सोहम म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ताईंनी पिशवीतून प्रगती पुस्तक काढलं आणि थेट एका ओळीवर बोट ठेवलं. सुधारणा आवश्यक : लेखन अपूर्ण ठेवतो.

“बघा. म्हणजे वर्गात नुसता बसूनच असतो.”

हे ‘काही नाही’ माझ्याकडे इतक्या आईबाबांच्या तोंडून येतं, की त्यामागची धास्ती मला आता चेहऱ्यावरच दिसते. पोर दिवसातले पाच-सहा तास आपल्या नजरेआड असतं आणि तिथलं एक अक्षर घरी येत नाही. पोटात गोळा येणारच.

मी त्यांना त्याच पानावरची वरची ओळ वाचायला सांगितली. विशेष प्रगती : निरीक्षण बारकाईने करतो व वर्गात सांगतो. त्यांनी दोनदा वाचलं. “सांगतो? आमचा सोहम?”

या नोंदी बाईंनी सहज खरडलेल्या नसतात. आपल्याकडे 2010 साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासून परीक्षा हा मूल्यमापनाचा फक्त एक भाग राहिला. तिसरी-चौथीसाठी त्यात शिकता शिकता होणाऱ्या आकारिक मूल्यमापनाला 60 टक्के आणि सत्राच्या शेवटी होणाऱ्या संकलितला 40 टक्के भारांश ठरला. आकारिकमध्ये दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय असं बरंच काही येतं. वहीतलं लिखाण हा त्यातला एक तुकडा. घरी मात्र दप्तरातून वहीच तेवढी येते, म्हणून आपण अख्ख्या सत्राचा हिशेब तिच्यावरून मांडतो. ताईंचंही तेच झालं होतं. यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या लहानपणी शाळा म्हणजे वही आणि मार्कच होते.

मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी एक दिवस त्या वर्गात मागे जाऊन बसले. खिडकीत प्लॅस्टिकची बरणी होती, तोंडाला मच्छरदाणीचं कापड रबराने बांधलेलं. आत लिंबाची डहाळी आणि तिच्यावर एक अळी. फुलपाखराच्या वाढीचा धडा केव्हाच होऊन गेला होता, पण कुणीतरी घरच्या लिंबावरची अळी आणली आणि बाईंनी ती ठेवून घेतली. (अशा बाई वर्गाला मिळणं हे मुलांचं भाग्य.) बरणीची जबाबदारी होती सोहमकडे. रोज ताजी पानं घालायची, खालची घाण पुसायची आणि परिपाठानंतर वर्गाला अळीची खबर द्यायची.

तो उभा राहिला. “काल ती चिमणीच्या शिटेसारखी दिसत होती. आज कात टाकून हिरवी झाली. मी काडीने हळूच टोचलं तर डोक्यातून केशरी शिंगं काढली आणि घाण वास आला. ती घाबरली की असं करते. परत टोचणार नाही.” पाठीमागून एका मुलीने विचारलं, कात कुठे गेली? “तिनेच खाल्ली.” हे त्याने अशा थाटात सांगितलं, की वर्ग पाच मिनिटं शांत होईना.

पुढच्या तासाला फळ्यावरचं उतरवून घ्यायचं होतं. तिथे मात्र तो अडकला. एक शब्द बघायचा, लिहायचा, पुन्हा मान वर, ओळ हरवायची. इतर मुलं वाक्य घेऊन खाली बघत होती, हा शब्द घेऊन. फळा पुसला तेव्हा याच्या निम्म्याच ओळी झाल्या होत्या.

मधल्या सुट्टीत त्याच्याशी गप्पा मारल्या. अळीबद्दल बोलता बोलता विचारलं, हे सगळं आईला सांगतोस का? तो डब्यातली पोळी मोडत म्हणाला, “सांगितलं की वही दाखव म्हणते.”

ताईंना हे सांगताना मला जड गेलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, खरं आहे. जूनमध्ये तो काहीतरी फुलपाखराचं सांगत आला होता. मी म्हटलं, लिहिलंस का ते? वही काढली, अर्धी होती, आणि एक धपाटा घातला.

मूल काही लपवाछपवी करत नसतं. आपल्या पहिल्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे, हे त्याला कळलेलं असतं, आणि ‘काही नाही’ हे त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असतं. वर ‘काय शिकवलं’ हा प्रश्न आठ-नऊ वर्षांच्या मुलाला फार मोठा पडतो. दिवसभरातलं नेमकं काय उचलून द्यायचं? दारात चपला काढत असताना तर नाहीच सुचत.

आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. वहीसाठी बुधवार आणि शनिवारची संध्याकाळ. इतर दिवशी वहीचं नावही काढायचं नाही. आणि शाळेबद्दल विचारायचंच झालं तर खाऊन झाल्यावर, तेही एखाद्या बारीक गोष्टीबद्दल. ताईंनी स्वतःच यात भर घातली, ती मला फार आवडली. त्या मशीनवर बसल्या की सोहमला ब्लाउजांना लावायचे हुक मोजायला देत आणि आधी आपलाच दिवस सांगत. आज एका बाईचा गळा चुकला, उसवून परत शिवला. हात कामात असले आणि कुणी तोंडाकडे रोखून बघत नसलं, की मुलं आपणहून बोलतात. चौथ्या दिवशी तो म्हणाला, आमच्या वर्गात पण एकाचं चुकलं.

लिखाणाचा प्रश्न वेगळा होता आणि तो राहिलाच आहे. डोळे तपासून घेतले, नंबर नव्हता. बाई आता फळ्याची डावी बाजू सुट्टीपर्यंत पुसत नाहीत, एवढ्याने पान बहुतेक पुरं होतं. वाचतानाही तो असाच शब्दागणिक थांबतो का, यावर बाईंनी या सत्रात लक्ष ठेवायचं ठरलं आहे. तसं आढळलं तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडतंय का याची, तपासणी करून घेऊ. आजच घाबरून त्याला शिकवणीला घालायचं कारण नाही.

प्रत्येक ‘काही नाही’ इतकं साधं नसतं, हेही सांगायला हवं. सोबत शाळेच्या वेळेलाच पोट दुखत असेल, डबा तसाच परत येत असेल, मित्रांची नावं बोलण्यातून गळाली असतील, पोर दिवसभर लघवी धरून घरी येत असेल, तर वाट न बघता वर्गशिक्षकांना भेटा. हाक मारल्यावर ओ येत नसेल तर कानही तपासून घ्या.

डिसेंबरच्या अखेरीस ताईंचा फोन आला. अळीचा कोष झाला होता, थंडीमुळे फुलपाखरू बाहेर यायला उशीर होत होता आणि घरात दुसरा विषय नव्हता. “काल रात्री झोपेतून उठवलं मला. म्हणाला, आई, कोष काळा पडलाय, आतून पंख दिसतायत, उद्या मला लवकर जायचंय. मॅडम, सात वाजता दप्तर घेऊन दारात उभा होता.”

“मग? निघालं का फुलपाखरू?”

“अजून घरी यायचाय तो. वाटच बघतेय.”