घरच्या टाकीत मँडरीन मासा ठेवणं योग्य आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी आहे, त्यात दोन क्लाऊनफिश मजेत आहेत आणि आता बायकोच्या मनात मँडरीन मासा भरलाय. दुकानदार म्हणतो, बिनधास्त न्या. तुमचं मन मात्र खातंय की इतका नाजूक जीव घरात कोंडणं बरोबर आहे का.

या माशापुरतं माझं उत्तर आहे, घेऊ नका. पण समुद्री मासे पाळणंच पाप, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. ठाणे-मुंबईत लोकांच्या टाक्यांची देखभाल करणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे, तेव्हा माझं मत तो हिशेब धरूनच वाचा.

दुकानदार तुम्हाला खोटं सांगत नाहीये, हीच यातली गोम आहे. मँडरीनच्या अंगावर खवले नसतात, बुळबुळीत चिकट थर असतो. त्यामुळे नव्या टाकीत इतर समुद्री माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा जो रोग धरतो, तो याला सहसा लागत नाही. दुसरा मँडरीन नर समोर नसला तर कुणाच्या वाटेला जात नाही. दुकानातले आठ-पंधरा दिवस तो आरामात काढतो. दुकानदाराच्या लेखी कणखर मासा म्हणजे विकला जाईपर्यंत टिकणारा मासा, आणि त्या हिशेबानं मँडरीन कणखरच आहे.

अडचण पोटाची आहे. फिलिपिन्स, इंडोनेशियापासून जपानच्या दक्षिणेकडच्या र्‍युक्यू बेटांपर्यंत, उथळ आणि संथ पाण्यात, प्रवाळाच्या तुकड्यांच्या ढिगाऱ्यात हा मासा राहतो. लांबीला बोटाएवढा. दिवसभर त्याचा एकच उद्योग: दगडांवरून टुणटुण सरकायचं, थांबायचं, डोळे फिरवायचे आणि एक कोपेपॉड, म्हणजे पाण्यातला अगदी बारीक कवचधारी जीव, टिपायचा. मग पुन्हा तेच. मधूनच एखादा बारीक किडा, कुठे माशांची अंडी. दोन वेळा पोटभर जेवून स्वस्थ बसणं त्याच्या शरीराला जमत नाही. तुम्ही संध्याकाळी फ्रोझन ब्राइन श्रिम्प (गोठवलेले कोळंबीसारखे बारीक जीव) टाकता, क्लाऊन झडप घालून ते फस्त करतात, आणि जे हलत नाही ते अन्न असतं हेच मँडरीनला बहुतेकदा कळत नाही.

पुढे काय होतं ते मी इतक्या घरांत पाहिलंय की आता न विचारता ओळखतो. सुरुवातीचे काही आठवडे लाइव्ह रॉकमधल्या, म्हणजे बारीक जीव वस्तीला असलेल्या टाकीतल्या सच्छिद्र दगडांमधल्या, कोपेपॉडवर निघतात. मग ते संपतात. तीन बाय दीड बाय दीड फुटांच्या टाकीत जेमतेम १९० लिटर पाणी. तेवढ्यातले दगड त्याला जन्मभर पोसू शकत नाहीत. मासा वाळायला लागतो, पण निळा-नारिंगी रंग इतका झगझगीत असतो की समोरून पाहणाऱ्याच्या ते लक्षातच येत नाही. (बहुतेक माशांचा निळा रंग हा प्रकाशाचा खेळ असतो, मँडरीनच्या त्वचेत खरंखुरं निळं रंगद्रव्य असतं, जे प्राणिजगतात फार दुर्मीळ आहे.) वरून बघितलं तर डोकं रुंद आणि त्याच्या मागे पाठ एकदम निमुळती दिसते. बाजूनं पोट खपाटीला गेलेलं असतं आणि अंगावरची आडवी रेघ धारेसारखी वर आलेली असते. अशा वेळी मालक मला कौतुकानं सांगतात, "बघा किती ॲक्टिव्ह आहे, सारखा काहीतरी शोधत असतो." मिळत नाही म्हणूनच शोधत असतो तो.

आता हमखास येणारा मुद्दा: आपण सुरमई-बांगडा तळून खातो, तेव्हा ही नीती कुठे जाते? मुद्दा रास्त आहे, आणि मीही मासे खातो. जाळ्यातल्या माशाला सुखाचं मरण येतं असंही नाही. तरी फरक आहे. बांगड्याला आपण पोटासाठी मारतो आणि मारतो असंच म्हणतो. मँडरीनला आपण "पाळतो" म्हणतो, महिनोन्‌महिने दिवाणखान्यात उपाशी ठेवतो आणि मेल्यावर "नाजूकच असतो हो" म्हणून दुसरा आणतो. मासा पाळला म्हणजे त्याचं खाणंपिणं अंगावर घेतलं. ते जमणार नाही हे आधीच माहीत असताना आणणं मला पटत नाही.

तो पकडतात कसा, हेही ऐकून ठेवा. फिलिपिन्समधल्या बटासान बेटावरच्या मासेमारीचं वर्णन २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात आहे. तिथले लोक बारीक सुया लावलेल्या छोट्याशा भाल्यानं याला टोचून धरतात. मोठ्या नरांना भाव जास्त, म्हणून आधी तेच उचलले जातात. आणि माद्यांनाही नेमके मोठेच नर पसंत असतात. सूर्यास्ताच्या सुमाराला जोडी एकमेकांना खेटून ढिगाऱ्यावरून वर तरंगत येते आणि अंडी सोडते. मोठे नरच काढून घेतल्यावर पुढची पैदास कशी होणार? दुसऱ्या काही माशांसाठी तर प्रवाळाच्या फटीत सोडियम सायनाइडची पिचकारी मारतात. फिलिपिन्समध्ये हे १९६०च्या दशकापासून चालत आलंय. मासा गुंगतो, प्रवाळ मरतो.

याची दुसरी बाजू मला खरंच विचार करायला लावते. बेटावरच्या माणसाला रीफ (प्रवाळाची रांग) जिवंत ठेवण्यातून चार पैसे मिळाले तर तो ते जपेल. फ्लोरिडातल्या हॅचरीत, म्हणजे माशांची पैदास करणाऱ्या केंद्रात, पिल्लं निघाली की त्याचं उत्पन्न जातं. तत्त्व म्हणून हे मला मान्य आहे. पण त्यातून मँडरीनची उपासमार सुटत नाही. शिवाय मधला मार्ग निघू शकतो. लक्षद्वीपमधल्या अगत्तीला राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोनं तिथल्या बायकांना शोभेच्या कोळंब्या वाढवायला शिकवलं: पैसा बेटावर राहतो आणि रीफवरून सारखी उचल करावी लागत नाही.

हॅचरी आली की सगळं सुटलं, असंही नाही. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांवरचा बांगाई कार्डिनल हा मासा घरच्या टाकीतही पिल्लं देतो. नर अंडी तोंडात धरून बसतो आणि बाहेर पडतात ती तयार पिल्लंच. ती प्रवाहाबरोबर लांब पसरत नाहीत, त्यामुळे एखाद्या खाडीतले मासे उपसले तर बाहेरून येऊन ती जागा भरणारे कुणी नसतात. २००७ साली हा मासा धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. पैदास करणं इतकं सोपं असूनही समुद्रातून पकडलेला स्वस्त पडतो म्हणून तोच उचलला जात राहिला. तेव्हा मासा कुठून आला, हे ग्राहकानंच विचारायला हवं.

समुद्रघोड्याचा तर विचारही नको. भारतात २००१पासून त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. "साहेब, आतल्या खोलीत आहे" म्हणणारे भेटतात; त्यांना लांबूनच नमस्कार करा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर रात्री दिवे बंद झाल्यावर तासाभरानं टाकीच्या काचेवर टॉर्च मारून बघा. झटके देत पळणारे खसखशीपेक्षाही बारीक पांढरे ठिपके काचभर दिसले तर टाकीत कोपेपॉड आहेत. तीन फुटी टाकीत ते सहसा तुरळकच दिसतात. वर्षभर मुरलेली मोठी टाकी, जोडीला रेफ्युजियम (कोपेपॉड निवांत वाढावेत म्हणून जोडलेली वेगळी छोटी टाकी), आणि समोर फ्रोझन खाऊन दाखवणारा हॅचरीतला मँडरीन, एवढं जमलं तर माझा विरोध नाही. अशी पिल्लं २०१०पासून बाजारात आहेत, फक्त आपल्याकडे मिळणं कठीण आणि महाग.

वहिनींना रंग हवा असेल तर हॅचरीतला ऑर्किड डॉटीबॅक शोधा. जांभळा गर्द असतो, पहिल्या दिवसापासून खातो. जरा दादागिरी करतो, पण क्लाऊन त्याला पुरून उरतात. आणि दुकानातल्या वाळलेल्या मँडरीनची दया आली तरी सोडवायच्या नावाखाली तो विकत घेऊ नका. तुमचे पैसे हातात पडले की दुकानदार पुढच्या खेपेला दोन मागवतो.