फोटोवरून चेहरा हुबेहूब येतो, पण समोर माणूस बसला की हात अडतो. शिवाय मनगट आणि मान दुखते. सराव कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंग ग्रेड परीक्षेला ए ग्रेड होती, मग बरीच वर्षं कागदाला हात लागला नाही, आणि आता पुण्यात आयटीची नोकरी सांभाळून रोज रात्री मोबाइलवरचा फोटो चौकटी पाडून उतरवता. चेहरे छान येतात. पण आईला समोर बसवलं तर नाक-डोळे जुळत नाहीत, आणि उजवं मनगट व मान दुखायला लागली आहे. शेवटी विचारलंय की पेन टॅब्लेट (संगणकाला जोडून पेनने चित्र काढायची पाटी) घेऊ का.

मी ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) केलेली कलाशिक्षिका आहे. शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी मोठ्या माणसांचा वर्ग घेते. तुम्ही हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारलेत, पण माझ्या मते दोन्हींचं मूळ एकाच जागी आहे: टेबलावर आडवा पडलेला कागद, त्याच्या शेजारी आडवा मोबाइल, आणि त्या दोघांवर वाकलेले तुम्ही. म्हणून आधी बसणं बदला.

प्लायवुडचा किंवा हार्डबोर्डचा एक तुकडा आणि दोन क्लिपा एवढंच लागतं. बोर्डाची खालची कड मांडीवर ठेवा, मधला भाग टेबलाच्या कडेला टेकवा, म्हणजे कागद जवळजवळ उभा राहतो. मानेला आराम मिळतो हे तर झालंच, पण चित्रातही लगेच फरक पडतो. कागद आडवा असताना त्याची वरची कड डोळ्यांपासून लांब असते आणि खालची जवळ. वरचा भाग आखूड दिसतो, म्हणून आपण नकळत तो ताणून काढतो. काढताना सगळं बरोबर वाटतं, आणि कागद भिंतीला लावला की कपाळ लांबलेलं दिसतं. कागद उभा असला की ही गडबड होत नाही. शिवाय समोरची वस्तू आणि कागद एका नजरेच्या टप्प्यात येतात. मान वर-खाली करावी लागत नाही, फक्त डोळे हलतात. समोरचं पाहणं आणि कागदावर रेघ ओढणं यांत जितका कमी वेळ जाईल तितकं डोक्यात कमी विसरायला होतं.

पेन्सिल धरण्याचंही तसंच. लिहिताना धरतो तशी टोकाजवळ धरली की रेघ बोटं आणि मनगट यांतून निघते. तेच मनगट दिवसभर कीबोर्ड-माउसवर असतं, त्यावर रात्री आणखी दोन तास! सुरुवातीची मांडणी करताना पेन्सिल मागे, लांब धरा. तळहाताखाली आडवी, शिशाची बाजू कागदाला लागेल अशी. आता हात खांद्यातून हलवा. पहिले काही दिवस रेघ वेडीवाकडी जाईल, जाऊ द्या. न्यूजप्रिंटचे (वर्तमानपत्राला वापरतात त्या कोऱ्या कागदाचे) मोठे कागद घ्या, नाहीतर ऑफिसातले पाठकोरे कागद चिकटवून मोठे करा, आणि सुरुवातीची पाचेक मिनिटं नुसत्या लांब रेघा आणि लंबगोल काढा. डोळ्याची पापणी, नाकपुडीची कड अशा बारीक कामाला लिहिण्याची पकड चालते. तेव्हा करंगळी कागदाला टेकवा आणि हाताखाली कोरा कागद ठेवा. पेन्सिल बोटभर उरली की टाकून द्या किंवा होल्डरमध्ये बसवा. तुकडा पेन्सिलीने काम करताना बोटं फार आवळली जातात. तासताना कटरने शीस चांगली लांब बाहेर काढा; शार्पनरने येणाऱ्या आखूड टोकाने आडवी छटा देता येत नाही.

दुखण्याबद्दल मात्र स्पष्ट सांगते. थकून दुखणं विश्रांतीने जातं. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा. व्यायामाचे व्हिडिओ बघत बसू नका. तपासणी न होता हे दुखणं अंगावर काढणारे चांगले हात मी पाहिले आहेत, आणि त्यांची महिनोन्‌महिने सक्तीची सुट्टी झालेलीही पाहिली आहे.

आता फोटोचं. फोटो बघून काढणं वाईट आहे असं मी म्हणत नाही, चौकटीही वाईट नाहीत. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचं ठरवलं ते 1880 मध्ये, वयाच्या 27व्या वर्षी. म्हणजे तुम्हाला वाटतोय तेवढा उशीर तुम्हाला झालेला नाही. 1882 मध्ये हेग शहरात असताना त्याने दोऱ्या ताणलेली एक लाकडी चौकट बनवून घेतली होती. समुद्रकिनाऱ्यावर ती रोवून तिच्यातून तो समोरचं दृश्य पाहायचा. चौकटी त्याच्याही होत्या, पण त्यांच्यापलीकडे खरा किनारा होता. फोटोत समोरचं खोल जग सपाट करण्याचं काम कॅमेऱ्याने आधीच उरकलेलं असतं. चौकटी पाडल्यावर तुमच्याकडे उरतं ते एका सपाट पृष्ठावरचे आकार दुसऱ्यावर नेणं. तेवढं तुम्हाला उत्तम येतं. आई समोर बसली की ते सपाट करण्याचं काम तुमच्या डोळ्यांवर येतं, आणि त्याचा सराव झालेलाच नाही. त्यात माणूस हलतो, उजेड सरकतो. म्हणून काही महिने फोटो बाजूला ठेवा आणि आईला इतक्यात बसवू नका. तांब्या आणि पेला काढा.

हसू नका. ग्रेड परीक्षेत वस्तुचित्राच्या पेपरला हेच असायचं, आणि त्यात जेवढं शिकण्यासारखं आहे तेवढं आपण शाळेत शिकत नाही, मार्क मिळवून मोकळे होतो. पितळी तांब्या बरोबर डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. तोंडाची कड एक सरळ रेघ दिसेल. तो हळूहळू खाली आणा, ती रेघ लंबगोल होऊन उघडत जाईल. आता टेबलावर ठेवून त्याच्या बुडाकडे पाहा. ते डोळ्यांच्या रेषेपासून तोंडापेक्षा जास्त खाली आहे, म्हणून त्याची वक्रता तोंडाच्या कडेपेक्षा जास्त. आणि जवळजवळ प्रत्येक जण बूड सपाट रेघेने काढतो, कारण तांब्या सपाट टेबलावर ठेवलाय हे त्याला माहीत असतं! माहीत असलेलं बाजूला सारून दिसणारं काढायचं, ही सगळ्या रेखाटनातली अवघड गोष्ट आहे, आणि तांब्या ती रोज, न हलता, न कंटाळता शिकवतो. लंबगोलाच्या दोन टोकांना कोपरे करू नका. कितीही चपटा असला तरी तो टोकाशी वळतो. आरपार काच असल्यासारखी मागची कडही हलक्या रेघेने काढा, मग पुढची आपोआप नीट येते.

मापं घ्यायची ती पेन्सिलीने. हात पूर्ण ताठ, कोपर सरळ, एक डोळा बंद. तांब्याची रुंदी पेन्सिलीवर अंगठ्याने धरा आणि उंचीत ती किती वेळा बसते ते पाहा. कोपर जरा वाकलं की माप खोटं होतं, म्हणून दर वेळी हात ताठच. दुसरं साधन गवंड्याचं: ओळंबा. दोऱ्याला एक नट बांधा आणि समोर धरा. कशाच्या बरोबर खाली काय येतं ते दिसतं. पेल्याची कड तांब्याच्या मानेच्या खाली येते की पोटाच्या? पुढे आईचं चित्र काढाल तेव्हा हाच दोरा डोळ्याच्या कोपऱ्यावरून सोडा. नाकपुडी आणि ओठाचं टोक त्या दोऱ्याच्या कुठल्या बाजूला आहे ते कळेल. तुमचे नाक-डोळे जुळवण्याचं बरंचसं काम इथेच होईल. चेहऱ्यात आणखी एक गोष्ट तपासा. मोठ्या माणसाच्या डोक्याच्या एकूण उंचीच्या साधारण मध्यावर डोळे असतात. बहुतेक जण ते फार वर काढतात, कारण केसांखालची कवटी हिशेबात धरत नाहीत.

वस्तूइतकीच तिच्या आजूबाजूची मोकळी जागा बघायला शिका. कपाचा कान काढायचाय? कानाच्या आतल्या पोकळीचा आकार काढा. खुर्चीच्या पायांमधल्या जागा काढा. त्या जागांना नाव नसतं, त्यामुळे डोकं आपलं ठरीव चित्र मध्ये घुसवत नाही.

छटा देण्याआधी एकच दिवा एका बाजूला ठेवा आणि बाकीचे बंद करा. उजव्या हाताने काढत असाल तर कागदावरचा उजेड डावीकडून हवा, नाहीतर हाताची सावली रेघेवर पडते. मग डोळे किलकिले करून वस्तूकडे पाहा. बारकावे नाहीसे होतात आणि फक्त उजेडाचा भाग व सावलीचा भाग उरतो. आधी तेवढेच दोन वेगळे करा. सावलीच्या कडेला टेबलावरून परत आलेला उजेड दिसतो, तो चमकदार वाटतो म्हणून पांढरा सोडू नका. तो उजेडाच्या बाजूइतका उजळ कधीच नसतो. आणि काही काळ बोटाने किंवा टिश्यूने घासणं बंद ठेवा. घासलेल्या छटेला गुळगुळीतपणा येतो, पण पृष्ठभाग कुठल्या दिशेने वळलाय हे रेघेतून दाखवायची संधी जाते. फार सामान लागत नाही: एचबी, टूबी आणि सिक्सबी अशा तीन पेन्सिली पुरतात. चारकोल वापरलात तर भुकटी फुंकू नका, बोर्ड खाली झटका. फिक्सेटिव्ह (चित्र पुसलं जाऊ नये म्हणून मारायचा फवारा) मारायचा तर गच्चीत किंवा उघड्या खिडकीपाशी. पुढे रंगांकडे वळलात तर ब्रशचं टोक ओठांनी करायची सवय लावून घेऊ नका. काही रंगांत विषारी धातू असतात.

माणसं काढायची भूक राहीलच, तीही भागवा, पण झटपट. रविवारी सकाळी मंडईत जा किंवा स्वारगेटच्या एसटी स्थानकावर बसा. हातात लहान वही आणि बॉलपेन, म्हणजे खोडायचा प्रश्नच नाही. अर्ध्या मिनिटात एक माणूस: वजन कुठल्या पायावर आहे, पाठीचा कल कुठे, पिशवीने खांदा किती ओढलाय. चेहरा नको. कोल्हापुरात जन्मलेले चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर (1867–1944), जे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि पुढे तिथेच शिकवू लागले, त्यांची मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांची रेखाटनं मिळतील तिथे पाहा. त्यांत डोक्यावर ओझं घेतलेली बाई दिसली तर तिच्या मानेपासून टाचेपर्यंत ओझं कळतं. तेवढं कळायला रस्त्यावर उभं राहून पाहावं लागतं. संध्याकाळी घरी आल्यावर सकाळी पाहिलेलं एखादं दृश्य वही न उघडता आठवून काढा. शाळेतल्या स्मरणचित्राचा खरा उपयोग हाच. काय आठवत नाही ते कळलं की पुढच्या वेळी नजर नेमकी तिथे जाते.

नक्कल करायची इच्छा झाली तर ती मोठ्या कलावंतांच्या रेघेची करा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं चित्र, घ्या. भुवईची, खांद्याची, बोटांची रेघ बघा. गोलाई आणण्यात रेघेचा वाटा किती मोठा आहे ते दिसेल. जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी 1872 पासून पुढे कितीतरी वर्षं तिथे जाऊन त्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या, तोही शिक्षणाचाच भाग होता.

वेळेबद्दल माझं मत ठाम आहे. रात्री अकराला सुरू करून एकपर्यंत बसणं बंद करा. थकलेले डोळे, थकलेलं मनगट आणि कमी झोप, यांत हात चुकीच्या सवयी लवकर उचलतो. सकाळी लॅपटॉप उघडण्याआधी अर्धा-पाऊण तास मिळतो का बघा. नैसर्गिक उजेड असतो, हात ताजा असतो. दर 20 मिनिटांनी उठा, खिडकीतून लांब पाहा, खांदे फिरवा, मग कागदही चार पावलं मागे जाऊन बघा. दोन्ही कामं त्याच उठण्यात होतात: डोळ्यांना विश्रांती मिळते आणि जवळून न दिसलेली चूक लांबून दिसते. कागद आरशात पाहिलात तर आणखी पटकन दिसते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसून भरपाई करू नका, मनगट तिथेच जातं.

प्रत्येक पानावर तारीख घाला आणि काही फाडू नका. निदान पहिले तीन-चार महिने ही पानं सोशल मीडियावर कुठेही पोस्ट करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. फोटोवरच्या चेहऱ्यांना मिळणारी वाहवा तांब्याला मिळणार नाही, आणि ती मिळत नाही म्हणून तुम्ही परत फोटोकडे वळाल, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. दाखवायचंच असेल तर चित्रं जाणणाऱ्या एका माणसाला दाखवा, आणि "कसं झालंय" याऐवजी "हा पेला तिरका दिसतोय का" असं नेमकं विचारा.

टॅब्लेट आत्ता घेऊ नका. लहान टॅब्लेटवर रेघ पुन्हा मनगटातूनच निघणार, आणि दिवसभरानंतर आणखी एक पडदा डोळ्यांपुढे येणार. खांद्यातून रेघ यायला लागली, मनगट शांत झालं, की घ्या. तेव्हाही मध्यम आकाराचा घ्या आणि स्क्रीन डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. तोवर त्या पैशातून न्यूजप्रिंटचे भरपूर कागद आणि वाकवता येणाऱ्या मानेचा एक टेबल-लॅम्प आणा.