ग्वाल्हेर-आग्रा रस्त्यावरच्या धुक्यासाठी गाडीला कोणते जादा दिवे लावावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून ग्वाल्हेरला बदली झाली, गाडी छोटी हॅचबॅक, त्यातही खालचं मॉडेल, त्यामुळे बंपरमध्ये फॉग लॅम्पच्या जागी नुसती काळी झाकणं. हिवाळ्यात दर शनिवारी पहाटे आग्र्याला जायचंय. दुकानदार म्हणतो एलईडी बार (एलईडी दिव्यांची लांब पट्टी) लावा, ऑफिसातले म्हणतात पिवळे दिवे लावा, आणि तुम्हाला खर्च एकदाच करायचाय.

बार लावू नका. बाकीचं सावकाश सांगतो.

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले, इथली चौथी पिढी. घरात मराठी बोलतो, पण धुक्याला घरातसुद्धा कोहराच म्हणतो. तुमच्याकडचं धुकं ऊन आलं की उठतं. इथलं डिसेंबर-जानेवारीत कधीकधी दुपारपर्यंत ठिय्या देऊन बसतं. माझं काम औषधांच्या वितरणाचं, म्हणून आठवड्यातून तीनदा बानमोर, मुरैना, धौलपूर आणि अधूनमधून आग्रा. तुमचा दुकानदार जे विकतोय तसलंच मी स्वतःच्या पैशाने लावून, पस्तावून, काढून टाकलेलं आहे.

चौकोनी एलईडी होते, खोक्यावर वॅटचा भलामोठा आकडा. रात्री गल्लीत लावून पाहिले तर समोरच्या वाड्याच्या भिंतीचे पोपडे मोजता येत होते. मी खूश. त्याच आठवड्यात पहाटे साडेपाचला नूराबादच्या पुढे धुकं लागलं, मी ऐटीत बटण दाबलं आणि रस्ताच गेला. बोनेटच्या पुढे जणू कुणी धुतलेली चादर वाळत घातली होती. घाबरून दिवे बंद केले, तर डाव्या कडेची पांढरी पट्टी हळूहळू परत दिसायला लागली. आणि त्याच पट्टीवर, दहा-बारा पावलांवर, विटांनी भरलेली ट्रॉली उभी. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढतोय. ब्रेक लागला म्हणून आज हे लिहितोय.

आता हे का होतं ते पाहा. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे थेंब. तुम्ही जितका उजेड फेकाल, त्यातला बराचसा ते तुमच्याच डोळ्यांकडे परत फेकतात. त्यातही डोळ्यांच्या रेषेत किंवा वर गेलेला उजेड सगळ्यात वाईट, म्हणून धुक्यात अप्पर, म्हणजे हेडलाइटचा लांबचा झोत, लावला की दिसायचं तेही बंद होतं. खऱ्या फॉग लॅम्पची करामत जास्त उजेडात नसते. त्याचा झोत आडवा, पसरट असतो आणि वरच्या बाजूने सुरीने कापल्यासारखा सरळ कापलेला असतो. दिवा बंपरमध्ये खाली बसवलेला, त्यामुळे उजेड तुमच्या नजरेच्या बऱ्याच खालून जातो आणि रस्त्याच्या दोन्ही कडा दाखवतो. लांबचं तो दाखवत नाही, ते त्याचं कामही नाही. युरोपच्या नियमात कारचे पुढचे फॉग लॅम्प जमिनीपासून 250 ते 800 मिलिमीटर उंचीत बसवायला सांगितलंय. टपावरच्या बारची उंची तुम्हीच मोजा.

तेव्हा दुकानात वॅट विचारू नका, काच उलटसुलट करून बघा. चांगल्या दिव्याच्या काचेतच गोलात ‘ई’ हे रोमन अक्षर आणि एक आकडा घडवलेला असतो. आकडा म्हणजे ज्या देशाने मंजुरी दिली त्याचा क्रमांक, 1 असेल तर जर्मनी. त्याच्या जवळ ‘बी’ किंवा ‘एफ 3’ असेल तर तो फॉग लॅम्प. ‘एचआर’ असेल तर तो ड्रायव्हिंग लॅम्प, म्हणजे अप्परचा जोडीदार. वरून चिकटवलेल्या स्टिकरला काही अर्थ नाही. दुकानदाराला ही अक्षरं माहीत नसतील तर मुकाट्याने बाहेर पडा, मी तीन दुकानांतून पडलोय.

तुमच्यासाठी सगळ्यात सोपा मार्ग वेगळाच आहे. तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलमध्ये फॉग लॅम्प येत असतील तर तेच कंपनीचं किट घ्या. काळी झाकणं निघतात, तिथे दिवा आणि त्याची चौकट नेमकी बसते, वायरिंग कप्लरने जोडलं जातं, वायर कापावी लागत नाही. महाग वाटेल. पण गाडी वॉरंटीत असताना कुणी गल्लीत बसून वायर सोलली आणि उद्या इलेक्ट्रिकलचं काही बिघडलं, तर सर्व्हिस सेंटरला तुम्हाला परत पाठवायला आयतं कारण मिळतं.

पिवळा की पांढरा? यावर इथे चहाच्या टपरीवर तास जातो. पिवळा उजेड धुकं ‘भेदतो’ हे खरं नाही. आकाश निळं दिसतं ते निळा उजेड जास्त विखुरतो म्हणून; तेच कारण इथे चालवतात, पण ते हवेच्या रेणूंना लागू, धुक्याच्या थेंबांना नाही. थेंब काही मायक्रॉनपासून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळीस-पन्नास मायक्रॉनपर्यंतचे, तर दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रॉन, एवढ्या मोठ्या थेंबांपुढे सगळे रंग सारखेच. पिवळ्याचा फायदा आहे तो डोळ्यांना: त्यात निळा भाग नसतो, आणि परत येणारा निळसर उजेडच जास्त टोचतो. फ्रान्समध्ये 1993 पर्यंत पिवळेच हेडलाइट असत. मी स्वतः पिवळे लावलेत, तीन तास चालवल्यावर डोळे कमी चुरचुरतात, बस. झोत चांगला असेल तर रंग तुमच्या आवडीचा. 6000 केल्विनचे निळसर पांढरे तेवढे टाळा. ट्रक आणि बसवाले हेडलाइटवर पिवळी पन्नी चिकटवतात, तसं करू नका. त्याने झोत सुधारत नाही, उजेड फक्त कमी होतो.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खुपसण्याचा सल्लाही मिळेल. तो रिफ्लेक्टर तारेच्या बारीक फिलामेंटसाठी घडवलेला असतो. उजेड निघण्याची जागा जरा सरकली की कापलेली कड फाटते आणि झोत सगळीकडे सांडतो.

ड्रायव्हिंग लॅम्प हा निराळा प्राणी. शिवपुरीच्या बाजूला रात्री निघालात, हवा स्वच्छ आहे, समोर कुणी नाही, तेव्हा लांबवर बसलेली गाय किंवा नीलगाय दिसायला त्याचा उपयोग. धुक्यात तो आणि तो एलईडी बार सारखेच निरुपयोगी. आग्र्याच्या फेऱ्यांसाठी तुम्हाला त्याची गरज नाही. लावलेतच तर अप्परच्या वायरवरून असे जोडून घ्या की डिपर केला की तेही विझले पाहिजेत. कायद्याचं म्हणाल तर 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम 111 खाली पुढे स्पॉटलाइट लावायला मुळात मनाई आहे, अपवाद फक्त आरटीओच्या मंजुरीने. नियम 106 सांगतो की गाडीपासून 8 मीटरवर, दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यांना दिव्याने दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याचा चेहरा.

बाहेरच्या मिस्त्रीकडून बसवत असाल तर रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. 55 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर 9 अँपिअरहून जास्त ओढतात, आणि डॅशबोर्डवरचं ते चिमुकलं बटण त्यासाठी नसतं. माझ्या पहिल्या जोडीला मिस्त्रीने थेट बटणातून करंट दिला होता. धौलपूरजवळ गाडीत जळक्या रबराचा वास आला, बटण वितळून आत गेलं होतं. बॅटरीपासून जवळच 15 अँपिअरचा फ्यूज, मग रिले, मग अडीच स्क्वेअर एमएमची वायर. बटणाने फक्त रिले चालवायचा.

बसवल्यावर बहुतेक लोक दिवे सेटच करत नाहीत, आणि इथेच सगळं फुकट जातं. सपाट जमीन, समोर भिंत, टायरमध्ये बरोबर हवा, ड्रायव्हरच्या जागी कुणीतरी बसलेलं. भिंतीला गाडी टेकवून दिव्याच्या मध्यावर खडूने आडवी रेघ मारा, मग साडेसात मीटर मागे या. झोताची वरची कड त्या रेघेच्या 10 सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. आमच्याकडे बायको गाडीत बसली होती आणि मी भिंतीपाशी उकिडवा. ती म्हणाली, “एवढ्या खाली? मग दिसणार काय?” पुढच्याच धुक्यात पट्टी सलग दिसायला लागली तेव्हा गप्प बसली. दिवाळीला भिंत रंगवली, ती रेघ मात्र मी रंगवू दिली नाही.

आणि वेग. फॉग लॅम्प लावले म्हणून 60 ने जाऊ नका. त्या वेगाला पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच गाडी 25 मीटर पुढे जाते, थांबायला आणखी 20 लागतात, तेही रस्ता कोरडा असेल तर. हवामान खातं 50 मीटरच्या आत दिसतं त्याला अतिदाट धुकं म्हणतं. मुरैना ते चंबळचा पूल या पट्ट्यात मला दहा मीटरही दिसलेलं नाही, तेव्हा ढाब्यावर गाडी लावून गजक खात बसलोय. चालताना चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय ते कळत नाही. काचेला आतून वाफ धरली की एसी सुरू करा, हाताने पुसून उपयोग नाही. डिकीवर तांबडी रिफ्लेक्टर टेप लावा. स्वस्त आहे आणि मागच्या ट्रकला तीच दिसते.

गाडीचं नाव, साल आणि मॉडेल लिहिलंत तर बंपरमधल्या जागेत कोणता दिवा बसेल आणि बल्ब एच 8, एच 11 की एच 16, ते बघून सांगतो.